हरवलेल्या वस्तूंचं कपाट आणि माझी झोकदार सही

आदरणीय वन्संना,

तुमच्या भावाच्या बायकोचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत चमक निघाली म्हणून अर्ध्यातूनच उठले, तरी तो पुरा धरावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? डाव्याचं विचारतेय, उजव्याचं तुम्ही मागच्या खेपेला इतकं सविस्तर सांगितलंत की तो मला माझ्या गुडघ्यापेक्षा जास्त ओळखीचा झालाय. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? शेजारच्या बाई सामान आणून देतात का, की अजून तुम्ही त्यांच्या बोलण्यातल्या चुका काढता? काढू नका. सध्या सामान आणणाऱ्या माणसाची एकही चूक काढायची नसते. आम्ही दोघं बरे आहोत. मला तुमच्याकडून काही नको आहे हे आधीच सांगते, कारण मी पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी हवं असणार असं तुम्ही म्हणाल. नकोय. सहज लिहितेय.

फोन का नाही केला, तर फोन आता माझा राहिलेलाच नाही. तो दोनशे चाळीस घरांचा झालाय. ते पुढे येईलच. हे पत्र तुमच्या गावाकडे जाणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याच्या हातात देणार आहे. तो उद्या पोचेल म्हणतो. त्याला थांबवून घेऊ नका, त्याचं दूध नासतं.

तुमचे भाऊ ठणठणीत आहेत. इतके ठणठणीत की सहन होत नाहीत. शहराची बाग बंद झाल्यापासून घरीच. तीस वर्षं माळीकाम केलेला माणूस, त्याला सहा एकर लागतात आणि आमच्या दारात आहेत कुंड्या सात. दिवसातून पाच वेळा पाणी घालून त्यातल्या दोन कुजवल्या. मग कात्री घेऊन फिरायला लागले. परवा मी केरसुणी शोधतेय, तर ह्यांनी तिची टोकं एकसारखी कापून कोपऱ्यात उभी करून ठेवलेली. म्हणे आता नवीन फुटवे चांगले येतील. मी म्हटलं, त्या कात्रीसकट बाहेर जा. तर म्हणतात, बाहेर जायला बंदी आहे. लॉकडाऊन लावणाऱ्यांनी माझा विचारच केलेला नाही वन्सं.

मीही काही स्वस्थ नाही. शाळा बंद असली तरी आम्ही शाळेच्या मागच्या दोन खोल्यांतच राहतो, त्यामुळे झाडलोट, टाकी, नळ बघायला मला आत जायची मुभा आहे. रोज जाते. झाडलेलंच झाडते. बावीस वर्षं घंटा दिलेला हात, तो साडेदहा वाजले की आपोआप वर जातो, आणि खाली काही नसतं. परवा गॅसवरचं दूध ढवळताना हात वर गेला आणि पळी तुमच्या भावांच्या कानाला लागली. वर्गांत जाऊन बघावं तर बाकं सरळ रांगेत. बावीस वर्षं मी ओरडले, बाकं सरळ करा, बाकं सरळ करा. आता आहेत सरळ, तर मीच एक-दोन वाकडी करून येते. (पोरांची आठवण येते असं समजू नका. मला पोरं आवडत नाहीत. शाळेच्या शिपाईबाईला पोरं आवडायला लागली तर फरशी कोण पुसणार?)

तर फोनाचं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांनी पालकांचा एक ग्रुप काढला आणि पुस्तकं वाटायच्या दिवशी फाटकावर कोणी आहे का ते पालकांना कळावं म्हणून मलाही त्यात घातलं. तिथे मास्तर लोक पानंच्या पानं अभ्यास टाकायचे आणि खाली पालक रडायचे. नेट नाही. घरात एकच फोन आणि मुलं तीन. मुलगा पलंगाखाली जाऊन बसलाय. मुलगी सांगते बाई दिसत नाहीत, आणि बाई सांगतात मुलगी दिसत नाही. मी आठ दिवस नुसतं वाचलं. तुम्हाला ठाऊकच आहे माझं वाचणं, एक ओळ संपेपर्यंत वर बारा नवीन यायच्या. शेवटी डोकं फिरलं आणि मी जिन्याखालचं कपाट झाडायला घेतलं.

हे कपाट म्हणजे माझं राज्य. शाळेत पोरांचं जे जे हरवतं ते मी तिथे ठेवते. बाटल्या, डबे, एकेकटे मोजे, पट्ट्या, एक डावा बूट (डाव्या बुटाशिवाय पोर घरी गेलं आणि घरच्यांना कळलं नाही, ते घर मला बघायचंय), चष्म्याची तीन रिकामी घरं, आणि कागदात गुंडाळलेला एक दुधाचा दात. एकसष्ट वस्तू भरल्या. वरच्या खणातल्या एका बाटलीत पाणी तसंच राहिलेलं. मी फोटो काढला, तो बोलायचा माइक असतो तो दाबला आणि ग्रुपवर म्हटलं, ही हिरवी बाटली कोणाची? आणखी आठ दिवस ठेवली असती तर आत बेडूक निघाले असते. मालकाने नाव सांगावं, आणि त्याच्या आईने ऐकत असल्यास लाजावं.

वन्सं, त्या दिवशी पहिल्यांदा त्या ग्रुपवर कोणी हसलं.

पोरांचे आवाज यायला लागले. ज्या पोरांनी गणिताच्या बाईंसमोर कॅमेरा उघडला नव्हता ती ओरडून सांगायला लागली, मावशी, ती त्याची आहे, तो झाकण चावतो! मग मी रोज एक वस्तू टाकायला लागले. साडेदहाला. आधी घंटा द्यायची, ती फोनमध्ये भरायची, मग वस्तू. मधल्या सुट्टीची घंटा, पाण्याची घंटा, सुटायची घंटा, सगळ्या पाठवल्या. (घंटा म्हणजे तोच रुळाचा तुकडा. फोन धरायला तुमचे भाऊ. पहिल्या दिवशी रुळाला इतका जवळ धरला की त्यांना दुपारपर्यंत ऐकू आलं नाही. बरी दुपार गेली.) आणि पालकांनी सांगितलं की पोरं उठतात घंटेला! तोंड धुतात! पाण्याच्या घंटेला एका घरात आजोबाच रांगेत उभे राहिले. मग लोक मलाच विचारायला लागले. पलंगाखालच्या पोराचं काय करू? मी सांगितलं, तुम्हीही आत शिरा, पाठ दुखली की दोघं मिळून बाहेर याल. एक बाई दवाखान्यात नर्स, तिची जुळी रोज ती निघताना गळा काढायची. मी जुळ्यांना सांगितलं, आई गेल्यावर घरात जे हरवेल ते मला कळवायचं, मी वहीत लिहिते. ती दिवसभर वस्तू हरवत बसली. नर्सबाईंना घरी आल्यावर कंगवा मिळत नव्हता, पण निघताना रडणं बंद झालं. लोक मला कपाटमावशी म्हणायला लागले. मला त्याचं काही नाही. पण मोठ्या बाईंचा निरोपही कोणी ऐकेना आणि माझा ऐकतात, तेव्हा मान जरा ताठ झाली हे कबूल करते. तिथेच घात झाला.

पाचवीत एक मुलगी आहे. बारीक आणि लांब, म्हणून तिला सगळे पेन्सिल म्हणतात. आई नाही, घरी ती आणि बाप. बाप बस चालवतो. हिची गंमत अशी की ही रोज एक वस्तू हरवायची. मुद्दाम. सुटायची घंटा झाली की कपाटाशी हजर, मावशी माझी पट्टी. मग पट्टी शोधायच्या निमित्ताने बापाची बस येईपर्यंत जिन्यावर बसायची आणि माझं डोकं खायची. मला कळत होतं. मी बोलले नाही. मला फडकी पिळायला कोणीतरी लागतंच. ग्रुपवर सगळ्यात आधी ओळखायची तीच. आणि कोणाची वस्तू एवढंच नाही, कुठल्या दिवशी, कुठल्या बाकाखाली, सगळं.

तर एक दिवस मी तिचाच डबा काढला. तिला गंमत वाटावी म्हणून. डबा उघडला, आत चमचा होता, म्हटलं चमच्यासकट ओळख पटेल. चमच्याखाली एक कागद घडी घालून होता. मला वाटलं खाली घालायचा कागद. चष्मा घरी. फोटो काढला, माइक दाबला, आणि ऐटीत म्हटलं, नीट बघा, फोटो मोठा करून बघा.

बघितला की! दोनशे चाळीस घरांनी मोठा करून बघितला. लॉकडाऊनमध्ये माणसाला दुसरं काम काय? एक विमावाले गृहस्थ आहेत, कोणाच्याही आधी बोलणारे, त्यांनी लिहिलं, डब्यात अपूर्णांकाचा पेपर दिसतोय, पंचवीसपैकी तीन. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. कोणी लिहिलं, पालकांची सहीही आहे बरं का. गणिताच्या बाई म्हणाल्या, हो, सही करून आणला होता, मी बघूनच परत दिला. आणि मग पेन्सिलीच्या बापाने लिहिलं. ग्रुपवर तो कधीच बोलत नसे. चारच शब्द. ही माझी सही नाही. आणि खाली बारीक अक्षरांत आलं की तो ग्रुप सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला घंटा दिली, मोजा टाकला. सगळे ओरडले. पेन्सिल नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी बापाच्या नंबरावर वेगळा निरोप पाठवला, तिथे एकच खूण उमटते आणि दुसरी येतच नाही. वन्सं, मी वाट बघणारी बाई नाही. मला रांगेत उभं राहवत नाही, दूध तापायची वाट बघवत नाही. मी शाळेचे सगळे नळ सोडून बघितले, बंद केले. मोठ्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या त्यांच्या घरचा प्रश्न आहे, आपण पडू नये. गणिताच्या बाई म्हणाल्या, मुलांना खोटेपणाची सवय वेळीच मोडलेली बरी. मी म्हटलं, खोटेपणा कशावरून? त्या म्हणाल्या, मग सही कोणी केली? मी फोन ठेवला.

असे अकरा दिवस. अकरा दिवस मी कपाटाच्या किल्लीशी चाळा करत बसले. तुमचे भाऊ म्हणाले, एवढं काय त्या पोरीचं? मी म्हटलं, तिचा डबा माझ्याकडे आहे. म्हणाले, डबाच ना? मी त्यांची कात्री लपवून ठेवली.

बाराव्या दिवशी डबा घेऊन निघाले. चौकात बांबू आडवे लावलेले आणि पोलीस. कुठे निघालात? डबा पोचवायचाय. कोणाला, पेशंट आहे का? उघडा. उघडला तर आत चमचा. बाई, घरी जा. गेले. तेराव्या दिवशी मी आमच्या भाजीवालीला धरलं. तिच्या गाडीला परवानगी. म्हटलं, आज गाडी मी ढकलते, तू चाल. ती म्हणाली, ओरडावं लागतं हो ताई. मी म्हटलं, ओरडायचं तू मला शिकवू नकोस. तोंडाला फडकं, डोक्यावरून पदर, डबा टोमॅटोच्या खाली. पोलिसापर्यंत सगळं ठीक. त्याने विचारलं, आज दोघी कशा? मी म्हटलं, गाडी जड आहे. एवढेच तीन शब्द. तो पोलीस माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, कपाटमावशी ना? मी पदर आणखी पुढे ओढला. म्हणाला, तुमच्या घंटेला आमचा दुसरीतला जेवतो हो. त्याचा एक मोजा आहे तुमच्याकडे. निळा. मी म्हटलं, आहे, अंगठ्याशी भोक पडलेला. त्याने बांबू वर केला आणि तोंड पलीकडे फिरवलं. सांगायचं म्हणजे एवढा खटाटोप करून मला लपता आलं नाही, पण त्याचाच उपयोग झाला.

पेन्सिलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. वर जायला बंदी, खाली रस्त्यावरूनच हाक. मी भाजीची हाक द्यायला गेले आणि सवयीने निघाली ती शाळेची. सगळ्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. काही पोरं रांगेत उभी राहिली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक बारीक डोकं आलं आणि झटकन खाली गेलं. मग बाप बाहेर आला. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, घरात बसूनसुद्धा. मी डबा वर धरला. हा तुमचा डबा राहिलाय.

ठेवा तिथेच, म्हणाला. मी म्हटलं, मुलगी कुठे आहे? म्हणाला, आहे घरात. बोलत का नाही? तर तो म्हणाला, ते तिलाच विचारा. मी तेरा दिवस विचारतोय, सही कोणी केली. तिने केली, की मैत्रिणीने केली, की कोणाकडून करून घेतली. तोंड उघडत नाही. वन्सं, तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, मलाही ओरडता आलं असतं. तो कठड्याला धरून सावकाश बोलत होता. म्हणाला, तीन मार्कांचं मला काही नाही, मी स्वतः दहावीला दोनदा बसलो. पण मी बस काढताना सही करतो आणि आणताना सही करतो, मध्ये पन्नास माणसं असतात. सही म्हणजे काय ते मी तिला लहानपणापासून सांगितलंय. तिने खोटी सही केली आणि आता लपवतेय.

आणि वन्सं, सगळी इमारत ऐकत होती. ती पोर खिडकीखाली बसून ऐकत होती. तेरा दिवस तिने खोटारडी म्हणून काढले आणि एक शब्द बोलली नाही.

मी ओरडले. सही मी केली!

एवढ्या मोठ्याने ओरडले की भाजीवालीच्या हातातला तराजू पडला. मी म्हटलं, तिने काही केलं नाही. तुम्ही त्या आठवड्यात लांबच्या फेरीवर होतात. सही उद्याच हवी असं बाईंनी सांगितलेलं. ही माझ्या कपाटाशी उभी, रडत नव्हती, नुसती पेन्सिलीला टोक काढत होती. काढता काढता अख्खी पेन्सिल संपवली. मला कुलूप लावायचं होतं. मी म्हटलं, आण इकडे, सही तर सही. आणि केली. (वन्सं, दयाबिया काही नव्हती. मला खरंच कुलूप लावायचं होतं.)

तो कठड्यावरून आणखी खाली वाकला. मग म्हणाला, तुम्ही? एवढी झोकदार सही तुमची?

बघा आता. गुन्हा कबूल केला, तर माणूस गुन्हा सोडून अक्षराचं आश्चर्य करतो. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, ती तुमचीच सही. म्हणजे तुम्ही शिकवलेली. लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही दुपारच्या वेळी मला पाटी घेऊन बसवायचात, आठवतं? तिसरी पास झालेल्या वहिनीची तुम्हा मास्तरीणबाईंना लाज वाटत होती. (वाटत होती. नाही म्हणू नका.) म्हणालात, बाकी काही येवो न येवो, सही अशी करावी की वाचणारा दबकला पाहिजे. शेवटी वळण, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ती तेवढी मी शिकले. पगारपत्रकावर बावीस वर्षं तीच करते. तिच्यात नाव माझं आहे की कोणाचं ते मलासुद्धा वाचता येत नाही. म्हणून तर ती कोणाच्याही बापाची म्हणून खपली. तेव्हा निम्मा दोष तुमचा.

मग बाप म्हणाला, ज्याने पालक म्हणून सही केली त्याने पालकाचं कामही करावं. सोमवारी तिचा तोच पेपर फोनवरून पुन्हा आहे. अपूर्णांक मला शिकवता येत नाहीत, नाहीतर तीन पडले नसते. तुम्ही शिकवा. तिनाचे तेरा करून दाखवा, मी ग्रुपमध्ये परत येतो आणि सहीचं विसरतो. वरच्या सगळ्या गॅलऱ्या माझ्याकडे बघत होत्या. शेजारच्या गॅलरीतून एकाने फोनही धरलेला. (तेच विमावाले. त्यांची इमारत तीच निघाली. घरी पोचायच्या आत ते सगळं ग्रुपवर आलं होतं.) आणि मी, वन्सं, मान वर करून काय म्हणाले असेन? म्हणाले, तेरा कशाला, वीस पाडून दाखवते.

तेव्हा कुठे खिडकीतून पूर्ण डोकं बाहेर आलं. पेन्सिल म्हणाली, मावशी, तुमचं फडकं खाली घसरलंय.

मोठ्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ह्यापुढे डब्याचा फोटो आधी मला दाखवायचा, आणि पालकांच्या रकान्यात सही करायची नाही. मी म्हटलं, बरं. त्या म्हणाल्या, आणि घंटा चालू ठेवा, माझे मिस्टर त्याशिवाय उठत नाहीत.

असं सगळं आहे. बाकी क्षेम. तुमच्या तब्येतीला जपा, थेंब घाला, शेजारच्या बाईंशी गोड बोला. तुमच्या भावांना कात्री परत दिली आहे आणि आता ते शाळेच्या कुंपणाशी आहेत. तिथे कापायला पुष्कळ आहे. लहानमोठं लिहिण्यात काही चुकलं असेल तर दुरुस्त करून वाचा, नाही तरी करालच.

तुमची वहिनी

ता. क. शिकवणी मी सुरू केली आहे. रोज सुटायच्या घंटेनंतर, फोनवर. पहिला दिवस झकास गेला. मी बादली घेऊन बसले. अर्धी बादली, पाव बादली, पाऊण बादली, तिला पटापट कळलं, कारण ती माझ्याबरोबर फडकी पिळायला बसायची, तिने ते पाणी डोळ्यांनी बघितलंय. म्हटलं, वीस काय, पंचवीस.

ता. क. दोन. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मावशी, बादलीतलं कळतं, पण पेपरात बादली नसते. तिथे आकड्याखाली आकडा असतो. एक छेद चार मोठा की एक छेद आठ? मी तोऱ्यात सांगितलं, आठ चारापेक्षा मोठे, मग एक छेद आठ मोठा. तिने वहीत लिहून घेतलं. घरी येऊन बादलीत पाणी ओतून बघते तर उलटंच निघालं! आठ जणांत वाटलं तर एकेकाला कमी येतं, हे मला फरशी पुसताना कळतं आणि कागदावर कळत नाही. का ते मला सांगता येत नाही, आणि सांगता आलं नाही तर तिचं ते तसंच राहणार. आज बुधवार आहे. सोमवार म्हणजे मध्ये चारच दिवस.

ता. क. तीन. मला काही नको आहे असं वर लिहिलंय ते खोडायला जागा उरली नाही. तेव्हा स्पष्टच लिहिते. मला अपूर्णांक शिकवा. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून एवढं सगळं लिहीत बसले. तुमच्या भावांना कळू देऊ नका, ते मला कुंपणावरून हसतील. मागे तुम्ही छेदापर्यंत आलात तेव्हा मी उठून म्हणाले होते, मला कुठे मास्तरीण व्हायचंय, आणि तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. तेव्हा बोलला असतात तर बरं झालं असतं. आता बोला, मी ऐकून घेईन.

शेवटचं. तुमची ती पाटी घर बदलताना हरवली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. हरवली नव्हती. मीच ठेवली होती. जिन्याखालच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, डाव्या बुटाच्या मागे. आज काढून पुसली आहे. उद्या सुटायच्या घंटेच्या आधी फोन करा, मी कपाटाशीच बसलेली असेन. उशीर करू नका, मला वाट बघवत नाही.